बॅटरी नवी, डायनामो नवा, तरी दिवे पिवळेच! जुन्या पिकअपच्या चार्जिंग लाइनची गोष्ट

आज भावाबद्दल नाही, जाळ्याबद्दल नाही. ज्या गाडीवर आपलं म्हावरं बाजारात पोचतं, त्या गाडीबद्दल चार गोष्टी सांगायच्या आहेत. पिकअप ज्यांच्या घरी आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा. होडी असेल तर शेवटचा भाग नक्की वाचा, कारण तिथे पैशापेक्षा मोठी गोष्ट आहे.

माझी पिकअप जुनी. डिझेल इंजिन, मेकॅनिकल पंप, आत ना कॉम्प्युटर ना सेन्सर. संध्याकाळी झाई-उंबरगावकडे माल भरायचा, बर्फ टाकायचा, ताडपत्री ओढायची आणि हायवे ४८ धरायचा. वापी, वलसाड, चिखली, नवसारी करत उजाडायच्या आत सुरत गाठायची. पहाटेचा भाव मिळाला तर मिळाला. ऊन चढलं की बर्फ पाणी होतो आणि भावही.

गणपती विसर्जन होऊन तीन-चार दिवस झाले असतील. वलसाड सोडलं आणि पाऊस आला. वायपर चालू केला तर तो जेवून सुस्तावल्यासारखा फिरायला लागला. हेडलाइट पांढऱ्याचे पिवळे, पिवळ्याचे तांबूस. हॉर्न दाबला तर बकरी ओरडल्यासारखा आवाज. मागून कंटेनर येतायत, पुढचं काही दिसत नाही, पोटात गोळा आला.

ब्लोअर बंद केला, गाणी बंद केली, मागच्या हौद्यातला दिवा बंद केला. गाडी डाव्या बाजूला घेऊन एका ट्रकच्या मागच्या दिव्यांच्या आधाराने चिखलीपर्यंत आणली आणि ढाब्यावर उभी केली. इंजिन बंद करायची हिंमत झाली नाही, कारण सेल्फ परत फिरेल याची खात्री नव्हती. पाऊस थांबल्यावर, थोडं उजाडल्यावर निघालो. सुरतला पोचेपर्यंत बाजार अर्धा उठला होता. बोंबील मऊ पडले होते. त्या दिवशी डिझेलचे पैसेसुद्धा नीट सुटले नाहीत.

आता खरी गंमत ऐका. ही काही पहिली वेळ नव्हती. त्याआधीच्या तीन महिन्यांत मी दोन बॅटऱ्या बदलल्या होत्या आणि एक अल्टरनेटर, म्हणजे आपल्या भाषेत डायनामो, तोही बदलला होता. प्रत्येक वेळी दुकानदार सांगायचा, "बॅटरी गेली भाऊ." मग दुसरा सांगायचा, "डायनामो गेला." मी पैसे मोजत गेलो. आणि बिघाड होता तो एका वायरमध्ये.

काकांनी आधी मीटर काढला

लिंबायतला आमच्या गल्लीच्या तोंडाशी गाड्यांचं वायरिंग करणारे एक काका बसतात. खानदेशातून सुरतला आलेले, वय साठीच्या पुढे. मी गेलो आणि म्हटलं, "काका, डायनामो खोला, नवा आहे तरी चार्ज करत नाही." काका म्हणाले, "खोलायला किती वेळ लागतो? आधी मोजू तर दे."

त्यांनी गाडी चालू करायला लावली, हेडलाइट, ब्लोअर, वायपर सगळं चालू ठेवायला सांगितलं. एक साधा डिजिटल मल्टिमीटर घेतला आणि चार ठिकाणी लावला.

पहिलं, डायनामोच्या मागचा मोठा बोल्ट, ज्याला बी-प्लस म्हणतात, आणि डायनामोचं अंग. तिथे १४.१ व्होल्ट. म्हणजे डायनामो ठणठणीत.

दुसरं, बॅटरीच्या दोन टोकांवर. तिथे १२.६ व्होल्ट. म्हणजे चार्जिंग नाहीच म्हणा ना.

"दीड व्होल्ट गेला कुठे?" काकांनी मला विचारलं. मी गप्प.

तिसरं, मीटरची एक सुई डायनामोच्या बी-प्लसवर, दुसरी बॅटरीच्या प्लसवर. १.१ व्होल्ट. चौथं, एक सुई डायनामोच्या अंगावर, दुसरी बॅटरीच्या मायनसवर. ०.४ व्होल्ट. दोन्ही मिळून दीड. हिशेब जुळला.

मग क्लॅम्प मीटर वायरीभोवती अडकवला, त्यावर ४० अँपिअर दिसले. काका म्हणाले, "दीड व्होल्ट गुणिले चाळीस अँपिअर. किती झाले? साठ वॅट. एका हेडलाइटचा पूर्ण बल्ब साठ वॅटचा असतो. म्हणजे तू तीन महिने एक हेडलाइट वायरीच्या आत जाळतोयस. हात लावून बघ." वायरीच्या टोकाच्या थिंबलला बोट लावलं आणि चटका बसला.

हे असं का होतं

थोडं समजून घेऊ, कारण एकदा समजलं की कोणी फसवू शकत नाही.

पूर्वीच्या गाड्यांना खरोखरचा डायनामो असायचा, जो सरळ डीसी करंट द्यायचा. १९६० नंतर जगभर हळूहळू अल्टरनेटर आला. नाव मात्र आपल्याकडे डायनामोच राहिलं. अल्टरनेटरच्या आत रोटर फिरतो, त्याला दोन ब्रशमधून थोडासा करंट मिळतो आणि तो चुंबक बनतो. बाहेरच्या वाइंडिंगमध्ये तीन फेजचा एसी तयार होतो. डायोड त्याचा डीसी करतात आणि रेग्युलेटर, ज्याला जुने लोक कटआउट म्हणतात, तो रोटरचा करंट कमी-जास्त करून व्होल्टेज साधारण १४ ते १४.५ च्या आसपास धरून ठेवतो.

इथेच मेख आहे. बऱ्याच जुन्या गाड्यांत रेग्युलेटर डायनामोच्या पाठीवरच असतो आणि तो व्होल्टेज तिथल्या तिथेच मोजतो. त्याला तिथे १४.१ दिसतात. तो म्हणतो, माझं काम झालं. पुढे वायरीत दीड व्होल्ट गळतात याची त्याला खबरच नाही. बॅटरी उपाशी राहते, डायनामो मात्र निवांत. काही गाड्यांत वेगळी बारीक सेन्स वायर बॅटरीपर्यंत जाते, तिथे रेग्युलेटरला खरी परिस्थिती कळते. आपल्या जुन्या पिकअपमध्ये बहुतेक ती नसते.

बारा व्होल्टची बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर इंजिन बंद करून काही तास ठेवल्यावर १२.६ ते १२.७ दाखवते. १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली म्हणजे रिकामी झालीच समजा. निम्म्या भरलेल्या अवस्थेत महिनोन्‌महिने राहिली की प्लेटांवर पांढरा थर घट्ट बसतो आणि मग ती खरोखर मरते. माझ्या दोन बॅटऱ्या अशाच मेल्या. दोष बॅटरीचा नव्हता, उपासमारीचा होता.

आपल्या गाडीला हा रोग जास्त का

भाजीच्या गाडीपेक्षा म्हावऱ्याची गाडी लवकर सडते, हे आपण सगळे जाणतो. हौद्यातून बर्फाचं खारट पाणी टपकत राहतं. ते चॅसिसवर पडतं आणि अर्थिंगचे बोल्ट नेमके तिथेच असतात. वर आपण गाडी प्रेशरच्या पाण्याने धुतो. ते पाणी बॉनेटच्या आत जिथे जायला नको तिथे जातं. त्यात सुरतचा पावसाळा. खाडीला पाणी आलं की लिंबायतमध्ये मिठी खाडीच्या बाजूच्या गल्ल्यांत गाड्या चाकापर्यंत पाण्यात उभ्या राहतात.

खारं पाणी वायरीच्या उघड्या टोकातून आत शिरतं आणि तांब्याच्या बारीक तारांमधून वर चढत जातं, जसं रॉकेल वातीतून चढतं तसं. काकांनी माझी जुनी वायर थिंबलपासून कापली. आत तांबं लाल नव्हतं, काळं होतं. एक वीत मागे कापली, तरी काळं. आणखी एक वीत, तेव्हा कुठे थोडा लाल रंग दिसला. बाहेरून प्लास्टिक एकदम धडधाकट.

आणखी तीन गोष्टी सापडल्या.

एक, ती वायर जाडीला साधारण ६ स्क्वेअर एमएमची होती, मूळच्या लहान डायनामोसाठी. मी नवीन बसवलेला डायनामो ६५ अँपिअरचा. पंप मोठा बसवला, पाइप जुनाच ठेवला.

दोन, थिंबल हातोडीने ठोकून बसवलेलं होतं. दिसायला पक्कं, आत तारा सैल.

तीन, बॅटरी आणि डायनामोच्या मध्ये फ्यूजच नव्हता. कधीतरी उडाला असेल आणि कोणीतरी थेट जोडून टाकलं असेल. ही गोष्ट ऐकून मला घाम फुटला. ती वायर चॅसिसला घासून तुटली असती तर बॅटरीचा शेकडो अँपिअर करंट तिथून गेला असता. जुन्या गाड्या रस्त्यात पेटतात त्यामागे असली वायर हे एक मोठं कारण असतं.

वायर किती जाड? हिशेब करून बघा

काकांनी सिगारेटच्या पाकिटावर नाही, माझ्याच मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर हिशेब करायला लावला. नवीन, स्वच्छ तांब्याची वायर, लांबी ३ मीटर, करंट ५० अँपिअर. तर वायरीत गळणारं व्होल्टेज साधारण असं:

६ स्क्वेअर एमएम: अर्धा व्होल्ट
१० स्क्वेअर एमएम: ०.३ व्होल्ट
१६ स्क्वेअर एमएम: ०.१८ व्होल्ट

प्लसच्या बाजूला पूर्ण लोडवर ०.२ ते ०.३ पर्यंत चालतं. मायनसच्या बाजूला ०.१, फार तर ०.२. त्याहून जास्त दिसलं की काहीतरी सडलंय. म्हणून आम्ही १६ ची वायर घेतली.

वायर घेताना दोन गोष्टी बघा. घराच्या फिटिंगची वायर गाडीला लावू नका. तिचं प्लास्टिक इंजिनची गरमी आणि ऑइल सहन करण्यासाठी बनवलेलं नसतं. गाडीची मल्टिस्ट्रँड, बारीक तारांची, गरमी सोसणारी वायर मागा. दुसरं, बाजारात स्वस्त वायर मिळते जी आतून अॅल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा. ओळखायची कशी? एक तार कापा आणि कापलेलं तोंड बघा. वरून लाल आणि कापल्यावर आत पांढरी, तर ती अॅल्युमिनियमची, परत करा. वरून पांढरी आणि कापल्यावर आत लाल, तर ती कल्हईची तांब्याची वायर, होडीवर वापरतात ती. म्हावऱ्याच्या गाडीला ती मिळाली तर सोन्याहून पिवळं, कारण कल्हईमुळे खारं पाणी तांब्याला लवकर खात नाही.

काम कसं केलं, पायरी-पायरीने

१. सगळ्यात आधी बॅटरीचा मायनस काढला. प्लस आधी काढायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला तर शॉर्ट होतो, पाना वेल्डिंगसारखा चिकटतो. मायनस आधी काढला की ती भीती राहत नाही. लावताना मायनस शेवटी.

२. जुनी वायर काढण्याआधी ती कुठे कुठे जाते ते बघितलं. काही गाड्यांत याच वायरीवरून पुढे फ्यूज बॉक्सला लाइन गेलेली असते. न बघता कापली तर अर्धी गाडी बंद पडेल. माझ्या गाडीत ती सरळ बॅटरीला होती, म्हणून पूर्ण काढून टाकली. सडलेली वायर "असू दे जोडीला" म्हणून ठेवू नये.

३. नवीन वायरीला मापाचं तांब्याचं थिंबल, आणि ते क्रिम्पिंगच्या पकडीने दाबलं. हातोडी नाही, पक्कड नाही. मग ओढून बघितलं. वरून आतल्या बाजूला गोंद असलेली श्रिंक स्लीव चढवली आणि गरम केली. गोंद वितळून टोक बंद होतं, पाणी आत चढायला वाटच राहत नाही. आपल्या गाड्यांसाठी ही दहा-वीस रुपयांची स्लीव सगळ्यात मोलाची.

४. फ्यूज. डायनामो ६५ अँपिअरचा, म्हणून ८० अँपिअरचा बोल्टवाला मोठा फ्यूज, झाकण असलेल्या होल्डरमध्ये, आणि बॅटरीच्या जितका जवळ बसेल तितका जवळ. का? कारण शॉर्ट झाला तर आगीएवढा करंट बॅटरीतून येतो, डायनामो आपल्या क्षमतेच्या फार पुढे जात नाही. नियम लक्षात ठेवा: फ्यूज डायनामोपेक्षा थोडा मोठा, आणि वायर फ्यूजपेक्षा ताकदवान. उलटं झालं तर फ्यूजच्या आधी वायर जळेल.

५. वायर सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून लांब नेली, खरखरीत स्लीवमध्ये घातली, जिथे पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट. इंजिन सुरू-बंद होताना हलतं, म्हणून डायनामोच्या जवळ थोडी सैल ठेवली. ताणून बांधलेली वायर बोल्टपाशीच तुटते.

६. अर्थिंग. सगळे लोक प्लसच्या मागे लागतात आणि हे विसरतात. इंजिन ते चॅसिस जी विणलेली पट्टी होती ती हिरवी-पांढरी होऊन अर्धी झडली होती. तिच्या जागी बॅटरीच्या मायनसपासून सरळ इंजिन ब्लॉकला नवीन जाड केबल, सेल्फच्या प्लस केबलइतकीच जाड, कारण सेल्फ फिरताना दोनशेच्या वर अँपिअर याच रस्त्याने परत येतात. आणि चॅसिसला एक वेगळी. बोल्टच्या जागेचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून चकचकीत धातू काढला, दातेरी वॉशर लावला, घट्ट आवळला आणि त्यानंतर वरून पेट्रोलियम जेली लावली. आधी घासायचं, मग आवळायचं, मग जेली.

७. बेल्ट. सगळ्यात लांब भागावर अंगठ्याने जोरात दाबला तर साधारण एक सेंटिमीटर दबला पाहिजे. पाऊस पडल्यावर किंचाळत असेल तर सैल आहे किंवा घासून गुळगुळीत झालाय.

दोन गोष्टी ज्या कोणी सांगत नाही

पहिली, डॅशबोर्डवरचा लाल बॅटरीचा दिवा. तो नुसता दाखवायला नाही. चावी फिरवल्यावर त्या छोट्या बल्बमधूनच रोटरला पहिला करंट जातो आणि डायनामो "जागा" होतो. तो बल्ब उडाला असेल तर डायनामो सुरुवातीला चार्जच करत नाही, रेस जास्त दिल्यावर कधीतरी उचलतो. माझ्या एका मित्राने हौसेने तिथे एलईडी बसवला. त्यातून पुरेसा करंट जाईना आणि चार्जिंग कधी होतं, कधी होत नाही असं चाललं. पुन्हा साधा बल्ब लावला, रोग गेला. म्हणून रोज सकाळी बघा: चावी फिरवली की दिवा लागला पाहिजे, गाडी चालू झाली की विझला पाहिजे. दोन्ही झालं तरच ठीक.

दुसरी, आपल्याकडच्या अनेक डिझेल पिकअपमध्ये डायनामोच्या पाठीवर व्हॅक्यूम पंप असतो. तोच ब्रेकच्या बूस्टरला व्हॅक्यूम देतो आणि त्याला इंजिन ऑइलची नळी येते. डायनामो खोलून परत बसवल्यावर ती ऑइलची नळी आणि व्हॅक्यूमचा होज नीट बसलाय ना, गळत नाही ना, हे बघितल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका. बेल्ट तुटला तर फक्त चार्जिंग जात नाही, दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेक पेडलही दगडासारखं कडक होतं. माल भरलेली गाडी घेऊन हायवेवर असताना हे पहिल्यांदा कळू नये.

हे मात्र करू नका

गाडी चालू असताना बॅटरीची वायर काढून "डायनामो चालतोय का" बघायची पद्धत अजून आहे. ती जुन्या डायनामोच्या काळातली. अल्टरनेटरला बॅटरीचा आधार एकदम तुटला की व्होल्टेज क्षणात उसळी मारतं आणि डायोड, रेग्युलेटर, सोबत टेप आणि चार्जर सगळं जाऊ शकतं.

धक्का स्टार्ट चालेल, पण जंप स्टार्ट देताना प्लस-मायनस उलटं झालं तर डायोड एका सेकंदात जळतात. दोनदा बघा, मग लावा.

हौद्याला वेल्डिंग करून घेत असाल तर आधी बॅटरीची दोन्ही टोकं काढा, आणि जमलं तर डायनामोची वायरही.

धुताना डायनामोवर थेट प्रेशर मारू नका. गाडी पाण्यात बुडाली असेल तर लगेच चालू न करता आधी सुकवा आणि तपासून घ्या.

शेवटी मीटर काय म्हणाला

सगळं जोडून झाल्यावर पुन्हा तेच. सगळे दिवे, ब्लोअर, वायपर चालू. डायनामोवर १४.२. बॅटरीवर १४.०. प्लसच्या वायरीत ०.१५, अर्थिंगमध्ये ०.०५. काकांनी मीटर माझ्यासमोर धरला आणि म्हणाले, "आता वाच मोठ्याने." मी वाचलं. शाळेत पास झाल्यासारखं वाटलं.

वायर, थिंबल, फ्यूज, अर्थिंगच्या केबल, स्लीव आणि काकांची मजुरी, सगळं मिळून एका बॅटरीच्या निम्म्या पैशातही झालं नसतं तरी मी दिलं असतं. प्रत्यक्षात त्याहून कमीच लागलं. आधी बदललेला जुना डायनामो काकांनी टेबलावर तपासला. तो चांगलाच होता. आता घरी पोत्यात गुंडाळून ठेवलाय, स्पेअर म्हणून.

त्या रात्री मी मुद्दाम एकटाच रिकामी गाडी घेऊन नवसारीपर्यंत गेलो आणि आलो. दिवे पांढरे. घरी आल्यावर बायको म्हणाली, "रिकामी गाडी कशाला पळवली, डिझेल वर आलंय का?" तिला काय सांगणार. त्या पावसातल्या रात्री ट्रकच्या मागच्या दिव्यांच्या आधाराने गाडी आणली हे मी तिला तोवर सांगितलंच नव्हतं.

नाखवा लोकांसाठी

आता होडीवाल्यांनी कान द्या. होडीवरही तोच अल्टरनेटर, तीच बॅटरी, तीच वायर, फक्त खारं पाणी दसपट. आणि होडी बंद पडली तर बाजूला घेऊन उभं राहायला ढाबा नाही.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. वायरलेस ऐकताना फार थोडा करंट घेतो. पण बटण दाबून बोलायला गेलं की २५ वॅटचा सेट पाच-सहा अँपिअर ओढतो. बॅटरी अर्धवट किंवा वायर सडलेली असेल तर व्होल्टेज तेव्हाच कोसळतं. म्हणजे काय होतं? तुम्हाला सगळ्यांचं ऐकू येतं, पण तुमचं कोणालाच ऐकू जात नाही. बंदरात बसून सेट "चालू आहे" असं वाटतं, कारण आवाज येतोय. म्हणून तपासायचं ते बोलून. बटण दाबलेलं असताना सेटच्या मागच्या टोकांवर मीटर लावा. बॅटरीवर जेवढे व्होल्ट आहेत त्यापेक्षा अर्धा व्होल्टही कमी दिसला तर ती लाइन बदला.

चॅनल १६ हे संकटाचं चॅनल आणि किनाऱ्याजवळ मोबाइलची रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४, हे दोन्ही आपल्याला पाठ असतात. पण चॅनल १६ पर्यंत आपला आवाज पोचवते ती शेवटी एक वायर आणि एक थिंबल.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. जाळी शिवतो, होडीला रंग लावतो. त्याच दिवसांत एक सकाळ वायरिंगसाठी काढा. साधा मल्टिमीटर काही शंभर रुपयांत येतो. दोन-चार घरांनी मिळून एक घेतला तरी पुरे.

काकांनी जाताना एक काम सांगितलं होतं, ते तुम्हालाही सांगतो. बॉनेटच्या आतल्या बाजूला मी एक कागद प्लास्टिकमध्ये घालून चिकटवलाय. त्यावर तारीख, डायनामोवर किती, बॅटरीवर किती, एवढंच. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मोजतो आणि लिहितो. दोन आकड्यांमधला फरक वाढायला लागला की समजायचं, खारं पाणी परत कुठेतरी शिरलंय. दिवे पिवळे पडायच्या कितीतरी आधी कागद सांगतो.